घरगुती गाडी

— एकदा सांगितलं ना सायेब, पाव्हणे व्हते! चार पाव्हणे चाकणला सोडायला निघाला व्हता माझा जयदीप, मोशीच्या पुढं म्होरल्या कंटेनरवाल्यानं करकचून ब्रेक मारला, आमची गाडी त्याच्या बुडाखाली घुसली, पोराचा पाय मोडला. संपलं! आता इमा कंपनीनं गाडीचे पैसे द्यायचे का तुमाला माझ्या अंगणात फोटू काढायला धाडायचं? आवो, तुळशीचा कशाला काढताय, तिला काय कंटेनर धडकला न्हाई! — आत न्हाई जायचं. औषधानं आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा. जे काय इचारायचं ते ह्या गोजाबाईला इचारा. आन ध्यानात ठेवा, तुमी पैसे न्हाई दिले तर गाडी भंगारात जाईल, मग पाय बरा होऊनबी माझं पोर करणार काय?

नावं? लिवा. नबीला, शादाब, ज्योतीराम, आन थेरगावची ती विजयश्री. का, हसायला काय झालं? आमच्यात मुसलमान पाव्हणे नसत्यात व्हय? नबीला माझ्या शेजारणीची पोर, ताहेराची, माझ्या मांडीवर खेळलीया. तुमच्या सोसायटीत शेजारच्या दाराआड कोण ऱ्हातं ते तरी ठावं हाय का तुमाला? — गळ्यात कंपनीचं कार्ड व्हतं? चौघांच्याबी? मग? पाव्हणा व्हताना कार्ड काढून खुंटीला टांगायचं असतं का? कुठला नियम हाय त्यो?

हप्ता कमी कसा म्हणता? अक्कल वापरली म्हणून कमी! मी सोता बसले व्हते त्या एजंटसंगं, प्रज्वलसंगं. त्यानं पहिला आकडा सांगितला तवा म्हटलं, बाबा, गाडीचा इमा उतरवतोयस का माझा जीव घेतोयस? मेथीच्या जुडीला मी घासाघीस करते, हितं गप बसणार व्हय? मग त्यानं एकेक वाट दावली. बारीकसारीक मोडतोड आमच्या खिशातनं, मोठं काय झालं तर कंपनीकडनं — केलं. चार वर्षं क्लेम न्हाई त्याची सूट — घेतली. म्हशीनं दार चेपवलं तरी तुमच्याकडं आलो न्हाई, इब्राहिमच्या गॅरेजात घरच्या पैशानं ठोकून घेतलं, का तर सूट जाऊ नये! आन गाडी घरगुती लिवली की हप्ता केवढा तरी खाली येतो. त्यो म्हणला, पिवळी पाटी लावलीस तर मावशे, कंबरडं मोडंल. मग कशाला लावायची? गाडी आमच्या दारात उभी ऱ्हाती, आमीच धुतो, दसऱ्याला आमीच हार घालतो — मग घरगुतीच की न्हाई?

— काय म्हणालात? डुलकी? माझ्या पोराला डुलकी लागली व्हती? उचलली जीभ लावली टाळ्याला! अरं, तुला लाज कशी वाटत न्हाई, मोडक्या पायाच्या पोरावर आळ घेताना? पाच वर्षं झाली, त्योच रस्ता, तीच चार माणसं, पावसात, धुक्यात, मोशीच्या त्या ट्राफिकात — एकालाबी लेटमार्क लागू दिला न्हाई त्यानं. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट असली की सख्ख्या मावसभावाची वरात सोडून घरी येऊन झोपलाय त्यो. डुलकी म्हणं! इचारा त्या नबीलाला. कंपनीची बस व्हती की तिला, फुकट! ती सोडून आमच्या गाडीत यायची, का? तर ताहेरा म्हणती, जयदीपच्या गाडीत पोर बसली की माझा जीव भांड्यात पडतो. म्हैना भरला की न मागता पैसे आणून देती ती हातावर, बाकीचे तिघंबी देत्यात, कारण माझ्या पोरावानी गाडी चालवणारा हाय कोण ह्या दिघीत…

…

न्हाई, त्ये लिवू नका. डिझेलला देत्यात ओ. आपुलकीनं. पाव्हणा देत न्हाई का पोराच्या हातावर काय तरी जाताना? — फोन कुणाला लावताय? सायेब, अवो दादा, बसा की. चहा टाकते. मी अडाणी बाई, रागाच्या भरात काय बोलले आन काय न्हाई. त्यानं बजावलं व्हतं मला, आये, पाव्हणे व्हते एवढंच म्हण, म्होरं एक शबूद बोलू नको. आता त्याला काय तोंड दावू? तुमालाबी आय आसंल ना घरी?

नसंल बसायचं तर जा! जा, जा, घाला तुमच्या कंपनीच्या मढ्यावर ती गाडी! आन फाटक लावून घ्या जाताना.

— काय रं बाळा? जागा झालास? न्हाई, कोण न्हाई. कुणीतरी पत्ता इचारत व्हतं. झोप तू.