वीणाकाकूंची पाटली

नाही नाही काकू, आधी तो फोन ठेवा — पोलिसांना नका ना बोलवू, पाया पडते तुमच्या! पाटली घरातच असणार, कणीक मळताना तुम्हीच काढून ठेवली होतीत ना? सगळ्या बायका हळदीकुंकू घेऊन गेल्या आणि मलाच म्हणालात, रत्ना, तू जरा थांब. मला काय कळत नाही? मघाशी सगळ्यांसमोर पाटली हरवली म्हटल्याबरोबर मी आपली पर्स टेबलावर उपडी केली, कोटाचे खिसे उलटे केले — कुणी विचारलंही नव्हतं! सगळ्या बघतच राहिल्या. पण चोर असं करेल का हो? सवय आहे ती. गावात कुणाचं काही गेलं की पोलिसांची जीप थेट आमच्या पालावर यायची, आणि बाबा आधीच ओरडायचे, झटका रे खिसे — तेवढाच मार कमी बसायचा.

पालावर म्हणजे... हो. भोसले ऐकून तुम्ही मराठे समजलात, मीही समजू दिलं. आम्ही पारधी, काकू. माझी आजी सोलापूरला तारेच्या कुंपणात जन्मली — इंग्रजांनी कायदाच केला होता ना, या जातीत जन्मला की चोर, रोज हजेरी द्या, बोटांचे ठसे द्या. गुन्हा काय? काही नाही, जन्म! इंग्रज गेले, कायदा गेला, जीप थांबली का? नाही थांबली. बाबांना एका लग्नातल्या हारासाठी नेलं — हार सापडला नवरीच्याच बॅगेत — पण तोवर बाबा... घरी आले ते चालत नाही आले.

आणि आता पुढच्या आठवड्यात ग्रीन कार्डसाठी आम्हा नवराबायकोचे ठसे आहेत, गुरुदत्तचे, माझे. चोरीच्या रिपोर्टमध्ये माझं नाव आलं तर सगळं संपलं हो! खाली बेसमेंटमध्ये माझी अनिका खेळतेय, तिला यातलं अक्षर माहीत नाही. माझी झडती घ्या, गाडी उघडून दाखवते, पण फोन —

काय? सापडली? तुमच्याच एप्रनच्या खिशात? अगंबाई! बघा, मी म्हटलं नव्हतं? हुश्श! नाही हो, राग कसला, तुम्ही वडीलधाऱ्या. चहा? टाका ना, घेते घोटभर —

काकू, तुमची पर्स आत्तापर्यंत इथे काउंटरवर होती ना? ती आत का नेऊन ठेवलीत?

नको. चहा राहू दे. अनिका! वर ये बाळा, शूज घाल, घरी जायचंय.