पायरीवरचा तांब्या

कॉलऱ्याच्या साथीचं मला नका सांगू! ऐंशीच्या सुमाराला हुबळीत मेडिकलला होतो. आम्हाला अळणावरकडच्या खेड्यात पाठवलं. दारोदार तेच सांगायचं, "पाणी उकळूनच प्या, जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी करून द्या." उन्हानं जीव नुसता कासावीस. शेवटच्या घरातल्या अक्कांनी सगळं ऐकून घेतलं, पायरीवर पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेल्या. मी तो उभ्या उभ्या घटाघटा रिकामा केला. मग आठवलं.

"अक्का, उकळलेलं होतं ना?"

अक्का गूळ आणि पेला घेऊन बाहेर आल्या. "उकळलेलं हे. ते पाय धुवायला होतं, डॉक्टर!"

मी मटकन खाली बसलो.

"अय्यो, घाबरू नका," अक्का म्हणाल्या. "मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, ते आत्ताच तुम्ही शिकवलंत की. करून देते."