तीनाचा सात

(नवीन पनवेलमधला दवाखाना. टेबलामागे तरुण डॉक्टर आभा. समोर एकाहत्तर वर्षांचा जुडाह आणि त्याची बायको सिप्पोरा, निवृत्त शिक्षिका; दोघं मराठी ज्यू, बेने इस्रायली.)

सिप्पोरा : पण तीनाचा सात होतोच कसा, डॉक्टर? भिजत घातलेले वाल आहेत का, रात्रीत फुगायला?

आभा : रात्रीत नाही काकू, तीन महिन्यांत. काकांचा आतड्याचा कॅन्सर आपण ऑपरेशन करून काढला, तरी एखादी पेशी लिव्हरमध्ये जाऊन बसलेली असू शकते. ते त्रास होण्याआधी कळावं म्हणून तर दर तीन महिन्यांनी रक्तातला हा आकडा बघतो.

सिप्पोरा : म्हणजे लिव्हरमध्ये गेला.

आभा : असं मी म्हटलं का? आकडा दुसऱ्या कारणांनीही चढतो. काका, सिगारेट ओढता? ओढणाऱ्यांचा थोडा जास्तच येतो.

सिप्पोरा : छे! ऑपरेशनच्या दिवशी सोडली यांनी.

जुडाह : ओढतो.

सिप्पोरा : काय?

जुडाह : ओढतो म्हटलं. चोरून.

सिप्पोरा : अहो, दीड वर्ष मी रोज तुमचे शर्ट हुंगून मशीनमध्ये टाकतेय!

जुडाह : शर्ट काढून ओढतो. अय्यूबच्या दुकानामागे. बनियनवर.

सिप्पोरा : या वयात, भर बाजारात, बनियनवर! लाज काय कोळून प्यालात? ...थांबा. डॉक्टर, मग त्यानेच वाढला असेल ना आकडा?

आभा : असू शकतं. रोज किती, काका?

जुडाह : दोन.

आभा : दोनाने एवढा फरक पडेल असं...

सिप्पोरा : दोन कसल्या! नीट आठवा. मी अजिबात रागावणार नाही. पाच?

जुडाह : पाच म्हण.

सिप्पोरा : दहा असतील हो, डॉक्टर. हा माणूस सगळंच कमी करून सांगतो. लग्न ठरताना वयसुद्धा तीन वर्षं कमी सांगितलं होतं.

जुडाह : दोन वर्षं.

सिप्पोरा : बघा! दहा लिहा तुम्ही. जन्मभर त्या सिगारेटीला शिव्या दिल्या, आज तिची दृष्ट काढीन मी.

आभा : दहा लिहीन, पण स्कॅन तरीही करायचाच. त्यात सूट नाही.

सिप्पोरा : करू की. आता कसली भीती! अहो, एकदा फक्त आपल्या एलियाहू हन्नाबी पैगंबराची शपथ घ्या, ओढता म्हणून.

जुडाह : दवाखान्यात कसली शपथ? माझ्यावर विश्वास नसेल तर अय्यूबला विचार.

सिप्पोरा : विचारते. हा लावला फोन. स्पीकरवर टाकते, डॉक्टरांनाही ऐकू दे.

अय्यूब : सलाम, भाभी! काय म्हणते डॉक्टरीणबाई?

सिप्पोरा : अय्यूबभाई, हे तुमच्या दुकानामागे सिगारेट ओढतात का हो?

अय्यूब : तौबा, तौबा! कोणी केली ही चुगली? ऑपरेशनपासून एकपण नाही, भाभी. अल्लाकसम!

जुडाह : अय्यूब, मी जुडाह. घाबरू नको, मी सगळं कबूल केलंय. खरं काय ते सांग.

अय्यूब : मग खरंच तर सांगतोय ना, बाबा!

जुडाह : अरे, रोज दहा ओढतो ना मी?

अय्यूब : दहा? मी एक पेटवली की उठून रिक्षा स्टँडवर जाऊन उभा राहतोस. परवा माझं भरलेलं पाकीट गटारात टाकलंस. भाभी, कोणी काहीपण सांगू दे, मी गवाही देतो. असा नेक आदमी अख्ख्या पनवेलात नाही!

जुडाह : गप बस रे, दुश्मना!

अय्यूब : दुश्मन? तुझी इज्जत वाचवतोय मी इथे!

जुडाह : ठेव. फोन ठेव.

आभा : काका, डॉक्टरशी खोटं बोलायचं नसतं. तुम्ही सांगता त्यावर मी पुढचं ठरवते.

जुडाह : चुकलो, बेटा. स्कॅन चुकवायचा नव्हता मला. हिचा चेहरा बघवेना. आजच्या दिवस तरी हिला दोन घास गेले असते, झोप लागली असती.

सिप्पोरा : आणि तुम्हाला?

जुडाह : मला भीती वाटते, सिप्पोरा. फार वाटते.

सिप्पोरा : मग हे सरळ सांगायचं. त्यासाठी बनियनवर कशाला उभं राहायचं!

आभा : दोघांनी ऐका. आकडा म्हणजे निकाल नव्हे. रक्त पुन्हा तपासू. लिव्हरमध्ये काही निघालंच, तर वेळेत सापडलं म्हणून बरंच काही करता येईल. उद्या सकाळी नऊला स्कॅन. काकांनी उपाशीपोटी यायचं.

सिप्पोरा : दोघंही उपाशी येऊ.

आभा : काकू, तुम्ही खाल्लंत तरी चालेल.

सिप्पोरा : चाळीस वर्षं किपूरचा, आमचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास आम्ही एका ताटात सोडतो, डॉक्टर. उद्याचाही तसाच सोडू.