टेकडीवरचं गवत आणि सर्व्हरवाल्या बाई

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संस्थापक, व्यासपीठावरचे पाहुणे, आज आपण ज्यांना निरोप देत आहोत त्या सर्व्हर विभागाच्या प्रमुख बाई, आणि कँटीनची टेबलं भिंतीला लावून इथे दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'दृश्यांची थोडीफार कामं केलेले' अशी करून दिली. तो गैरसमज आधी दूर करतो. आपल्या पहिल्या गेममधल्या बंदरावरचे सगळे कंदील मी केले, काजळी धरलेल्या काचांसकट. दुसऱ्यातला दीपगृहाचा गोल जिना माझा. त्याच्या पायऱ्या बाहेरच्या अंगाला जास्त झिजलेल्या आहेत, कारण गोल जिन्यावर माणूस रुंद बाजूनं चढतो. तिसऱ्यातलं बंद पडलेलं नाट्यगृह माझं, आणि खुर्च्यांच्या हातांवरचं कापड नेमकं कुठे विटावं हेही मीच ठरवलं. चौथ्या गेममधली टेकडी माझी, आणि टेकडीवरचं गवत माझं. त्यात अकरा जातींची पाती होती. हे सगळं या हातांनी केलं आणि कोणत्याही कॉलेजात न जाता केलं. ओळख पुरी झाली. आता बाईंकडे वळतो.

पाहुण्यांसाठी सांगतो, आपले पहिले तीन गेम एकट्यानं खेळायचे. चौथा ऑनलाइन. एका वेळी चाळीस माणसं टेकडीवर हिंडतात आणि एकमेकांना टिपतात. तो बाजारात आल्यापासून जो तो एकच विचारतो: दिसायला हा आधीच्या तिन्हींच्या तोडीचा आहे का? मला तर लोकांनी लिफ्टमध्ये गाठून विचारलंय. या प्रश्नाचा खरा अर्थ काय, तर गवंड्याचा हात उतरला का? बाई मला गवंडी म्हणतात. मी त्यांना कात्री म्हणतो. फिट्टंफाट आहे.

कात्री का? एकट्याच्या गेममध्ये माणूस कुठून येणार आणि कुठे बघणार हे मला ठाऊक असतं. कंदील इथे टांगला की त्याची मान तिकडे वळते, मग तिकडचं दार त्याला दिसतं. चाळीस जण मात्र चाळीस दिशांनी येतात, आणि त्यातला एखादा विकतची सोनेरी टोपी घालून माझ्या संध्याकाळच्या उजेडात नाचत उभा राहतो. शिवाय प्रत्येकाची हालचाल बाकीच्यांपर्यंत त्याच क्षणी पोचवायची, तीही साध्यासुध्या मशीनवर. त्यामुळे बाई सकाळी यायच्या, चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, आज काय कापू या? धूर गेला. डबक्यांतली प्रतिबिंबं गेली. मी गवतावर अडून बसलो. कमरेएवढं उंच, वाऱ्यावर डुलणारं गवत होतं ते. साध्या मशीनवर चालेना, तेव्हा मीच तोड काढली: ज्याला नको त्यानं सेटिंगमध्ये जाऊन गवत बंद करावं, ज्याला बघायचं तो बघेल. बाई म्हणाल्या, जरा विचार करू या. मी म्हटलं, विचार करण्यासारखं काय उरलंय त्यात?

आता माझी थोरली बहीण. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. ताई, उठू नकोस. तिनं जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर माझे तिन्ही गेम पुरे केले. नाट्यगृहातल्या एका खुर्चीचं कापड उलट्या अंगानं लावलंय, हे साऱ्या जगात फक्त तिला दिसलं. चौथा गेम आल्यावर ती रोज खेळायची आणि रोज मरायची. गवतात दडून बसायची आणि पहिल्याच गोळीत गारद. एकदा जेवताना म्हणाली, "एवढी अंग चोरून बसते रे तुझ्या गवतात, तरी मेले मला शोधतात कसे?" मी म्हटलं, वय झालं तुझं. त्यावर तिनं जो अबोला धरला, तो भाजी वाढतानाही सोडला नाही.

ही गंमत मी बाईंना सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ताईला घरून खेळायला बसवलं आणि इथे दोन स्क्रीन शेजारी शेजारी लावल्या. पहिल्यावर ताईला दिसणारी टेकडी: गवत डुलतंय, माणसाचा मागमूस नाही. दुसऱ्यावर तीच टेकडी, तोच क्षण, पण गवत बंद केलेल्या खेळाडूला दिसणारा. बोडका तपकिरी उतार, आणि त्याच्या मधोमध माझी बहीण, आपण कुणाला दिसतच नाही या भरवशावर, उकिडवी बसलेली.

मागे उभी असलेली मंडळी खो खो हसली. तुमच्यापैकीच होती, नावं घेत नाही. बाईंनी आधीच शोधून ठेवलं होतं की जिंकणाऱ्यांत गवत चालू ठेवणारं जवळजवळ कुणीच नाही.

"तुमचं गवत ज्यांना आवडतं," त्या म्हणाल्या, "तेवढेच मरतायत."

घरी जाऊन ताईला म्हटलं, बंद कर ते गवत.

"तू केलंयस आणि मी बंद करू? त्यापेक्षा मरते."

मग ते मीच कापलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कमरेएवढं होतं ते घोट्यापर्यंत आणलं, अकरा जातींच्या चार केल्या आणि बंद करायची सोयच काढून टाकली. जे आहे ते सगळ्यांना सारखं दिसेल. बाईंनी येऊन बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "गवंडी, मशीनवर जागा झालीय. काय हवंय, बोला."

बाईंनी मला काही देऊ केल्याची ही पहिलीच वेळ. मी वारा मागितला. जुन्या गेममध्ये वारा ज्याचा त्याचा असायचा. मला एकच वारा हवा होता, चाळीसही जणांच्या स्क्रीनवर त्याच क्षणी त्याच पात्यावरून जाणारा. पूर्वी मागितला तेव्हा 'वाऱ्यानं कुणी जिंकत नाही' म्हणून त्यांनी उडवून लावला होता. या वेळी करून दिला. कसा, ते त्यांनाच विचारा. मला त्यांनी अनेकदा समजावलंय आणि प्रत्येक वेळी मी कळल्याची मान हलवलीय.

तर, तोडीचा आहे का? कंदिलांच्या बाबतीत, नाही. बंदरावरची ती संध्याकाळ चौथ्या गेममध्ये नाही, आणि चाळीस माणसं धावत असताना ती येणारही नाही. हे मी सांगतोय, ज्यानं ती संध्याकाळ केली तो. पण परवा ताई फोन कानाला लावून खेळत होती. पलीकडे तिची शाळेपासूनची मैत्रीण, दुसऱ्या गावात, विरुद्ध संघात. ताई म्हणाली, "खालून झुळूक येतेय बघ." पलीकडून आवाज आला, "आली. माझ्या पायाशी आली." मग दोघी गप्प. झुळूक वर निघून गेली आणि मैत्रिणीनं ताईला गोळी घातली. दोघी किती हसल्या म्हणून सांगू. आधीच्या तीन गेममध्ये हे मला एकदाही जमलं नव्हतं, आणि एकट्याला जमणारही नव्हतं.

बाई, तुम्ही आता आईवडिलांजवळ राहायला जाताय. त्यांच्या घरात तरी लगेच कापाकापी सुरू करू नका. आम्हाला तुमची आठवण येईल, मला जरा जास्तच.

अध्यक्षांनी घड्याळाकडे न बघता मला बोलू दिलं, तुम्ही बसून ऐकलंत, त्याबद्दल आभारी आहे. जीभ कुठे सैल सुटली असेल तर पोटात घाला. तपशील मात्र एकही चुकलेला नाही.

आणि बाईंच्या पाठोपाठ मीही चाललोय, अशी कुजबूज काही दिवस कानावर येतेय, म्हणून सांगून टाकतो. बोलावणं खरंच आलं होतं. मोठी कंपनी, एकट्यानं खेळायचा गेम, सगळी दृश्यं माझ्या हाती, गवत हवं तेवढं उंच. वर्षाला बेचाळीस लाख.

मी नको म्हणून कळवलं.