बँकेनं विकलेलं माळावरचं घर

ऐका. शेकोटीत एक लाकूड सारा आणि मागं बघू नका. मागं काही नाही. असलं तरी मी सांगणार नाही!

शेवटच्या गाडीनं केरबा कंडक्टर आपल्या फाट्यावर उतरला. नोकरी संपलेली. बायको नाही, पोर नाही. तीस वर्षं लोकांना घराकडं पोचवलं आणि गडी स्वतः डेपोच्या बाकावर झोपला. एकच हौस होती: आपलं एक दार असावं, आतून कडी लावून निजावं. म्हणून होतं नव्हतं ते ओतून बँकेनं जप्त केलेलं माळावरचं घर लिलावात घेतलं. बँकेचा साहेब म्हणाला होता, "आत काय आहे, काय नाही, आम्ही बघितलेलं नाही. आहे तसं घ्यायचं. मागून तक्रार चालायची नाही."

संध्याकाळी किल्ली मिळाली. सकाळपर्यंत थांबवेना.

फाट्यावर चहावाला बाबू टपरी आवरत होता. "अण्णा, आत्ता नका जाऊ. जुन्या मालकाच्या पोरांनी जाताना भिंतीत खिळा ठेवला नाही. ठेवला तो फक्त म्हातारा. त्यांचा बाप. घर त्यानंच बांधलेलं."

"असू दे की. सोबत होईल."

"अहो, त्याला जाऊन तीन वर्षं झाली!"

केरबा हसला. चहावाले काय, चहाबरोबर काहीही विकतात!

फाटकाला बँकेचं हे एवढं कुलूप. काढलं. पुढं बघतो तर काय? दारच नाही! चौकटीसकट उपटून नेलेलं. खिडक्या नाहीत, नळ नाहीत, बटणं नाहीत. नुसती भोकं. केरबा मधोमध मटकन बसला. "आयुष्यभर थांबलो ते ह्याच्यासाठी?" मोठ्यानं म्हणाला. ऐकायला होतं कोण?

होतं की!

टप. टप. नळ गळायला लागला. कुठला नळ? नळ तर नेलेला! मग उजेड पडला. वायर नाही, बल्ब नाही, आणि लख्ख उजेड! मग ठक, ठक, ठक. मान वळवली, तर दार उभं. नवंकोरं, तेल पाजलेलं. आणि आतली कडी आपोआप सरकली. खट्ट!

तीस वर्षं मागितलेलं मिळालं, आणि गडी बसल्या जागी मागं सरकला!

कोपऱ्यातून आवाज आला. थकलेला, मायेचा. "पोरांनी नेलं ते सगळं बसवलंय बघा. आता राहाल ना? दोन पानं मांडू?"

खांद्यावर गार हात पडला. केरबा उठला, पण जायचं कुठून? दाराला कडी, खिडक्यांना गज. तेवढ्यात न्हाणीत चांदणं दिसलं. म्हातारा झरोक्याला जाळी बसवायला विसरला होता! केरबानं डोकं घातलं. सदरा फाटला, कातडं सोललं, पण सुटला. फाट्यापर्यंत धावला.

मागून ना शिवी, ना शाप. नुसतं, "अहो, एवढंच राहिलंय... उद्या तेही करतो की..."

केरबा आजही डेपोच्या बाकावरच निजतो. तेव्हा पोरांनो, रात्री माळाची वाट धरू नका. कितीही उजेड दिसू दे, कुणी कितीही मायेनं जेवायला बोलवू दे. आणि चुकून गेलातच, तर त्या झरोक्याच्या भरवशावर राहू नका.

त्याला आता जाळी बसलीय.