वीजबालेला नमस्कार

सत्यशीला : या अण्णा, मंडपात असे पुढे सरकून बसा. त्या खांबापाशी बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आज बसलाय तो. एक गोष्ट सांगते तुम्हाला. घडली अमेरिकेत, पण ऐकली गेली आपल्या हडपसरात, अशी गोष्ट.

अण्णा : मी गोष्ट मागितली नव्हती, सत्यशीलाताई. मी विचारलं, दर गुरुवारी दुपारी मार्केट यार्डामागच्या त्या गाळ्यात तुम्ही काय करता. आणि शुक्रवारी तुमचा आवाज का बसतो.

सत्यशीला : तेच सांगतेय.

अण्णा : मग थोडक्यात. पूर्वरंग नको. सूनबाई पायल गाडी घेऊन येतेय. वाघोलीला जाऊन कुसुमच्या खोलीची सही करायचीय.

सत्यशीला : कुसुमताईंची कसली खोली?

अण्णा : शुश्रूषा केंद्र आहे. सोमवारी आमच्या हिला तिथे ठेवणार. तो विषय वेगळा.

सत्यशीला : ठेवणार? अण्णा, माणसाला ठेवतात होय? वस्तू ठेवतात.

अण्णा : विषय वेगळा म्हटलं ना. आधी तुमचा. आपल्या पेटीवाल्या शंभूने तुम्हाला पाहिलंय. शटर अर्धं खाली, आत दिवा, आणि आतून बाईच्या ओरडण्याचा आवाज. नवरात्रात नऊ दिवस तुम्ही देवीसमोर नारदाच्या गादीवर उभ्या राहणार. देवस्थानचा चिटणीस म्हणून मला विचारावंच लागतं.

सत्यशीला : शंभूने नुसतं ओरडणं ऐकलं? शब्द नाही ऐकले? पेटीवाला आहे, कान बरे असायला हवेत.

अण्णा : शब्दही ऐकलेत. 'सोड त्या पोरीला, नाहीतर एकेक खिळा उपटून हातात देईन.' कोणाला म्हणत होतात हे?

सत्यशीला : एका यंत्रमानवाला.

अण्णा : कोणाला?

सत्यशीला : लोखंडी माणसाला हो. तीन मजली उंच. त्याने शाळेची बस उचललेली असते.

अण्णा : ताई, मी चेष्टा करायला आलेलो नाही.

सत्यशीला : मीही नाही. अण्णा, ते रेकॉर्डिंगचं दुकान आहे. रतनशेठ म्हणून आहेत, अमेरिकेतली जुनीपानी कार्टून स्वस्तात आणतात आणि मराठी आवाज घालून केबलवाल्यांना देतात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून शटर ओढायचं, पण पूर्ण ओढलं तर आत जीव घुसमटतो. म्हणून अर्धं.

अण्णा : आणि तुम्ही त्यात काय?

सत्यशीला : मी वीजबाला.

अण्णा : ती लाल झग्यातली? उडते ती? गुडघ्याच्या वर झगा?

सत्यशीला : झगा मी शिवला नाही, अण्णा. माझा फक्त आवाज.

अण्णा : कीर्तनकाराचा आवाज, आणि उघड्या पायांच्या बाईच्या तोंडी!

सत्यशीला : मलाही आधी तसंच वाटलं. रतनशेठ कीर्तन ऐकून भेटायला आले, म्हणाले, 'दमाचा आवाज हवाय.' मला वाटलं, हा मला ऑर्केस्ट्रात नेणार. पहिल्या दिवशी मी नणंदेला बरोबर घेऊन गेले होते. ती दारात बसली, हातात छत्री धरून. मारायला.

अण्णा : नणंद शहाणी आहे.

सत्यशीला : आणि मग मी ते चित्र पाहिलं. रेघा पडलेलं, जुनाट. पण त्यातली बाई! दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसते, लोकांचे फोन जोडून देते. कोणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. एकदा विजेची तार अंगावर पडते आणि अंगात शक्ती येते. एक शास्त्रज्ञ आहे, तो सारखा कुठे ना कुठे पडत असतो. ती झेलते.

अण्णा : नवरा?

सत्यशीला : छे, लग्न कुठलं. तिला वेळ कुठे आहे? रतनशेठनी दुसरीही कार्टून दाखवली. त्यांत बाईचं काम एकच, गच्चीवर उभं राहून 'वाचवा' ओरडायचं. मग पुरुषाने झग्याची शेपटी उडवत यायचं. ही मात्र स्वतःचे दोर स्वतः तोडते. अण्णा, दर नवरात्रात मी याच जागी सांगते, सगळ्या देवांनी देवीला आपापली शस्त्रं दिली, पण दैत्यासमोर गेली ती एकटी. तुम्ही माना डोलावता. या बाईला तर कोणी शस्त्रही दिलं नाही.

अण्णा : देवीची बरोबरी करू नका.

सत्यशीला : बरोबरी नाही करत. देवी कोणाच्या हातून काम करून घेईल याची यादी आपल्याकडे नाही, एवढंच म्हणते.

अण्णा : मग लपवलंत का?

सत्यशीला : कीर्तनकार सुशीलाबाईंनी साबणाच्या जाहिरातीत दोन ओळी गायल्या, तर पुढच्या वर्षी त्यांना बोलावणं गेलं नाही. कोणी थांबवलं होतं?

अण्णा : ठराव झाला होता.

सत्यशीला : ठरावावर सही तुमची होती. गादी सुटली तर मी काय करू, अण्णा? मला उभं राहायला दुसरी जागा नाही.

अण्णा : हं. वीजबाला. बाहेर तुमचा धिंगाणा आणि घरात आमचा. त्याच बाईपायी कुसुमला वाघोलीला न्यायची वेळ आलीय.

सत्यशीला : म्हणजे? नीट सांगा.

अण्णा : काय सांगायचं. चैत्रात तो झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. ते एक वेळ समजतं. पण आता डोकंही गेलं. संध्याकाळी टीव्हीवर ही तुमची बाई आली की कुसुम डावा हात कपाळाला लावते. नमस्कार करते! समोर देव्हारा आहे, गुरूंची तसबीर आहे, तिकडे ढुंकून बघत नाही. आणि उडणाऱ्या बाईला नमस्कार. शिवाय हातातली बांगडी कॉटच्या लोखंडी दांड्यावर आपटते. टण, टण. शेजारचे विचारतात, काय चाललंय म्हणून.

सत्यशीला : नमस्कार केव्हा करतात? ती दिसल्यावर, का बोलल्यावर?

अण्णा : मला काय ठाऊक. मी उठून आत जातो. बघवत नाही.

सत्यशीला : आणि बांगडी?

अण्णा : ते पायलला विचारा. चॅनेल तीच लावून देते. सासू टीव्हीपुढे पडली की ही खराडीच्या ऑफिसला जायला मोकळी. मला सगळं कळतं.

पायल : काय कळतं अण्णा? नाही, सांगा ना. मी मिनिटभर दारात चपला काढून उभी आहे.

अण्णा : गाडी आणलीस?

पायल : आणलीय. पण आधी हे क्लिअर करू. मी आईंना टीव्हीपुढे 'टाकत' नाही. मी ते बंद केलं होतं, तर दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. ललिताला विचारा, दिवसभर तीच असते त्यांच्यापाशी. डॉक्टर म्हणाले होते, त्यांच्याशी बोलत राहा. घरात कोण बोलतं? तुम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलता, त्यांच्याशी नाही.

सत्यशीला : पायल, बाळा, जरा दम खा. मला एक सांग. त्या हात कपाळाला लावतात, तेव्हा पडद्यावर काय चाललेलं असतं?

पायल : ती बोलत असते. मी नोटीस केलंय, काकू. ती नुसती उडताना, फायटिंग करताना आई शांत असतात. तो शास्त्रज्ञ बोलला तरी काही नाही. ती बोलली की हात वर. एपिसोडला एकदाच, पहिल्यांदा बोलते तेव्हा.

सत्यशीला : कीर्तनकार उभा राहिला की करतात तसा.

अण्णा : काहीतरीच.

सत्यशीला : आणि बांगडी कधी वाजते?

पायल : ते मात्र विअर्ड आहे. ती मध्येच 'बरं का' म्हणते ना, त्याच्यानंतर. अमेरिकन कार्टूनमध्ये 'बरं का' कोण म्हणतं, सांगा? आम्ही ऑफिसमध्ये हसतो त्यावर. 'पूल पडतोय, पळा, बरं का!'

सत्यशीला : हसा, हसा. माझंच पाप आहे ते.

पायल : तुमचं?

अण्णा : तो आवाज यांचा आहे.

पायल : शट अप! सॉरी अण्णा. काकू, खरंच?

सत्यशीला : अगं, तिचं तोंड आपल्या मराठीपेक्षा जास्त हलतं. माझं वाक्य संपतं आणि तिचे ओठ चालूच. ती मोकळी जागा भरायला काहीतरी बोलायला हवं. इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडी दुसरं काय येणार? रतनशेठ म्हणाले, 'राहू द्या, ओठ जुळतात.' राहिलं.

अण्णा : त्याचा कुसुमशी काय संबंध?

सत्यशीला : चिटणीस, तुम्ही कीर्तनाला कुठे बसता?

अण्णा : मी आत हिशेबाला असतो. नाहीतर बाहेर चपलांपाशी. व्यवस्था बघावी लागते.

सत्यशीला : म्हणूनच. कुसुमताई बसायच्या त्या खांबापाशी. मघाशी तुम्ही टेकायला निघालात ना, तोच. मी 'बरं का' म्हटलं की सगळ्या मंडपात पहिला 'हो' त्यांचा. बाकीचे मागून. चैत्रापासून ती जागा रिकामी आहे. माझं 'बरं का' जातं आणि तसंच परत येतं. त्यांच्या तोंडून आता 'हो' निघत नाही, अण्णा. म्हणून बांगडी.

अण्णा : तुम्हाला तसं वाटतं. वाटून काय होतं? डॉक्टरही म्हणाले, नक्की सांगता येत नाही. आवाजाला सवयीने हलत असेल हात. पोपट नाही का मान हलवत.

सत्यशीला : मग बघू या. पायल, ललिताला फोन लाव. टीव्ही बंद असेल आत्ता?

पायल : हो, या वेळी बंदच असतो. थांबा. हॅलो, ललिता? आईंच्या कानाजवळ धर फोन. नाही, काही झालं नाही. धर तू.

(पायल फोन स्पीकरवर टाकून तिघांच्या मध्ये जमिनीवर ठेवते.)

सत्यशीला : कुसुमताई, नमस्कार करते. खूप दिवसांनी भेट होतेय, बरं का.

पायल : ऐकलंत? वाजली!

अण्णा : तेच म्हणतोय मी. 'बरं का'ला वाजते. पोपट.

सत्यशीला : थांबा. ताई, आता 'बरं का' म्हणणार नाही. मी विचारते, 'हो' असेल तरच वाजवा. मी कोण? मी वीजबाला?

पायल : नाही वाजली.

सत्यशीला : मी सुशीलाबाई?

पायल : आत्ताही नाही.

सत्यशीला : मी सत्यशीला?

पायल : अण्णा!

अण्णा : ऐकू येतं मला. ओरडू नकोस.

सत्यशीला : टीव्हीवर पहिल्या दिवसापासून ओळखलंत मला?… बघा. ओळखलं, म्हणतात. माझ्या नणंदेनेसुद्धा ओळखलं नव्हतं, आणि ती पहिल्या दिवशी दारात बसलेली होती.

अण्णा : तिला विचारा, सोमवारी…

सत्यशीला : मी नाही विचारणार. ते माझं काम नाही. तुम्ही विचारा.

अण्णा : मी काय विचारू? सहा महिने झाले तिच्याशी बोलून.

पायल : अण्णा, घ्या फोन. ललिताचा हात अवघडला असेल.

अण्णा : कुसुम. मी आहे… वाजली का गं?

पायल : वाजली. हळूच.

अण्णा : कुसुम, ते वाघोलीला एक ठिकाण आहे. बाया असतात चोवीस तास. बाग आहे. तुला… तिकडे जायचंय का?… कट झाला वाटतं.

पायल : नाही झाला. चालू आहे.

अण्णा : रेंज गेली असेल.

पायल : पूर्ण आहे, अण्णा.

अण्णा : कुसुम? राहू दे. नको जायला. नको. घरीच… ऐकलंस?

सत्यशीला : आता मला ऐकू आली. दोनदा.

अण्णा : फोन बंद कर, पायल. बॅटरी जाईल.

पायल : आणि वाघोली?

अण्णा : वाघोलीचं काय? गाडी वळव. त्यांना फोन करून सांग, खोली दुसऱ्या कोणाला द्या.

पायल : मग नवरात्रात आईंना इथे कीर्तनाला आणायचं? पायऱ्या आहेत, व्हीलचेअर चढणार नाही.

अण्णा : समितीत सात माणसं आहेत. एरवी नुसती चहा पितात. उचलतील खुर्ची. त्या खांबापाशी मात्र कोणाला बसू देऊ नका, ताई.

सत्यशीला : आणि माझा ठराव?

अण्णा : कसला ठराव? शंभूला म्हणावं, शटरला कान लावण्यापेक्षा पेटीचा भाता शिवून घे, हवा गळते त्यातून. तुम्ही गुरुवारी जात चला. पण ते 'खिळे उपटून हातात देईन' जरा…

सत्यशीला : तसंच लिहिलेलं असतं.

अण्णा : असू दे. कुसुमला आवडत असेल. आज संध्याकाळी बसून बघतो तिच्याबरोबर. आत नाही जाणार. ती बोलली की मी काय करायचं असतं?

सत्यशीला : काही नाही. 'बरं का' म्हटलं की आधी कुसुमताईंना वाजवू द्या. मग तुम्ही 'हो' म्हणा.

अण्णा : म्हणजे घरातच कीर्तन.

सत्यशीला : तसंच म्हणा. आणि अण्णा, एवढं सांगते आणि थांबते. रात्री देवापुढे दिवा लावाल, तेव्हा घरच्यांचं नाव घेऊन झालं की त्या टेलिफोन जोडणाऱ्या बाईचीही आठवण काढा. तिला स्वतःचा आवाज नव्हता, पण तुमच्या घरचा फोन तिनेच जोडून दिला.