कर्ण्यावरची हाक

कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांच्या त्या गावात, दवाखान्याच्या बाकावर बसून अम्पारोने इतिहासाचं पुस्तक उघडलं खरं. पण शेजारी मांडीवर बाळ घेतलेला माणूस आणि त्याची तरुण भाची बोलायला लागली, मग कसला इतिहास नि कसलं काय!

"मामा, तीन दिवस शोधतेय तुम्हाला! सगळे संपवाले विचारतायत, ग्रासिएलाचा मामा गेला कुठे?"

"गाडीत आहे म्हणावं."

"म्हणजे?"

"गाडीतच राहतोय. मी, तुझी मामी आणि हा तिनो."

"आणि खोली?"

"खोली मळेवाल्याची. संपात गेलास ना, मग चालता हो, म्हणाला."

"पण तुम्ही मळ्यातून बाहेर आलात, तेव्हा रस्त्यावर काय टाळ्या पडल्या!"

"ऐकल्या. तेव्हा बाळ नुसतं शिंकत होतं. आता बघ, छाती कशी घरघरतेय."

"मला सांगायचं तरी, ते आजारी आहे म्हणून!"

"कसं सांगू? मी वेलींत, तू रस्त्यावर. कर्णा तुझ्या हातात होता, पोरी."

"काम सोडून बाहेर या म्हणून आम्ही तर सगळ्यांनाच नावानं हाका मारतो, मामा. बाकीचे मान खाली घालून द्राक्षं तोडत राहिले. तुम्हीच का आलात?"

"माझ्या बहिणीची लेक चारचौघांत हाक मारते, आणि मी पाठ फिरवू?"

"तिनो!" नर्सने पुकारलं.

"तू चल गं. मला इंग्रजी येत नाही, आणि तुझा आवाज खणखणीत."

"बाळ झोपतं कुठे?" नर्सने विचारलं.

"गाडीत," ग्रासिएला म्हणाली.

"मोठ्याने बोल, मुली. ऐकू येत नाही."